दोन इमारती, एक रिपीटर, चार पाळ्या: वडोदऱ्यातील एका वायरलेस जोडणीचे प्रकरण

दांडिया बाजारात जुनी इमारत, विश्वामित्री नदीपलीकडे अकोट्यात नवी. एका मराठी संस्थेचा कारभार या दोन जागांत वाटला गेला आहे असे धरू. संस्था कल्पित आहे आणि मागणीचे आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत. नदी, पूल आणि रेडिओलहरींचे वागणे मात्र खरे.

जुन्या इमारतीत ब्रॉडबँडची लाईन येते, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर तिथेच आहे, आणि तबला-गायनाचे वर्गही तिथेच भरतात. नव्या इमारतीत वाचनालय, विद्यार्थ्यांसाठी संगणक आणि वर्गाची दुसरी खोली. ताई दांडिया बाजारात बसून शिकवतात, अर्धी मुले अकोट्यात बसून शिकतात, आणि दोन्ही बाजूंना दुसरी खोली पडद्यावर दिसते.

दोन गच्च्यांची एकमेकींशी थेट नजरभेट नाही. मध्ये उंच इमारती आणि नदीकाठची झाडी आहे. म्हणून संस्थेच्या एका हितचिंतकाच्या गच्चीवर तिसरा रेडिओ, म्हणजे ऐकलेले पुढे पाठवणारा रिपीटर, बसवला. तिथून दोन्ही इमारती दिसतात. दांडिया बाजाराच्या टोकाला ‘क’ म्हणू, अकोट्याला ‘ख’ आणि मधल्याला ‘र’. तिन्ही ठिकाणी एकेकच रेडिओ, तिन्ही एकाच चॅनलवर, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. हा पट्टा भारतात ऑक्टोबर २०१८ पासून बऱ्याच प्रमाणात परवानामुक्त झाला, त्यामुळे असले प्रयोग आता कागदपत्रांवाचून करता येतात.

अकोट्यात दुसरे ब्रॉडबँड घेतले तर निम्मा प्रश्न सुटतो, हे आधीच सांगून टाकतो. समितीला दुसरे मासिक बिल नको होते. नदीपार स्वतःची फायबर न्यायची तर पूल, परवानग्या आणि खोदाई आली. शिवाय २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हापासून जमिनीतल्या कुठल्याही वायरीचे नाव काढले की खजिनदार काका नाराज होतात. तेव्हा हवेतली वाट गृहीत धरून पुढचा विचार.

तक्रार अशी की संध्याकाळी वर्गाचे चित्र गोठते. ताईंचा तुकडा संपून गेल्यावर मुलांच्या पडद्यावर सम येते. वेगाची चाचणी घ्यावी तर क ते र उत्तम, र ते ख सुद्धा ठीक. प्रत्येक टप्प्यावर रेडिओ एकटाच बोलत असेल तर उपयोगी २४ एमबीपीएस (सेकंदाला दशलक्ष बिट) मिळतात. सगळी मागणी मिळून १४. चोवीस मिळतात आणि चौदाच हवेत, मग अडते कुठे?

अडते ते असे की प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, हवेतून दोनदा जाते. क कडून र कडे एकदा, र कडून ख कडे पुन्हा. चॅनल एकच असल्याने एका वेळी तिघांपैकी एकानेच बोलायचे. म्हणजे १४ एमबीपीएसची मागणी हवेत २८ होऊन बसते, आणि हवा २४ चीच आहे. अशा जोडणीत टोकाटोकाला मिळणारा वेग निम्मा होतो हे कुठलाही वायफायवाला सांगेल. त्याचा पुढचा सल्ला बहुतेक ‘भारीतला राउटर घ्या’ असा असतो.

चारच्या तीन पाळ्या

क ला ख कडे एक पॅकेट पाठवायचे आहे आणि ख ला क कडे एक. साध्या पद्धतीने चार पाळ्या लागतात: क ते र, र ते ख, ख ते र, र ते क. आता मधल्या रेडिओकडे दोन्ही पॅकेटे आलेली आहेत असे समजा. क च्या पॅकेटातला एक बाइट ०११०१००१, ख च्या पॅकेटातला त्याच जागेचा बाइट ११००१०१०. र या दोघांचा एक्सऑर करतो, म्हणजे जिथे दोन बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०. उत्तर येते १०१०००११. हा एकच बाइट तो हवेत सोडतो आणि तो दोघांनाही ऐकू जातो. क कडे स्वतःचा ०११०१००१ जपून ठेवलेला आहेच. आलेल्या १०१०००११ शी त्याचा पुन्हा एक्सऑर केला की ११००१०१० मिळतो, म्हणजे नेमका ख चा बाइट. तिकडे ख सुद्धा आपला बाइट वापरून क चा बाइट काढतो. चार पाळ्यांचे काम तीन पाळ्यांत झाले. कागदावर हा ३३ टक्क्यांचा फायदा आहे.

या मिसळण्याला नेटवर्क कोडिंग म्हणतात, आणि हे डोके आमचे नाही. रुडॉल्फ आल्स्वेडे, निंग काय, रॉबर्ट ली आणि रेमंड युंग यांनी २००० साली दाखवले की जाळ्यातल्या मधल्या गाठींनी पॅकेटे नुसती पुढे ढकलण्याऐवजी एकमेकांत मिसळली तर एकाकडून अनेकांकडे जाणारा प्रवाह जाळ्याच्या खऱ्या मर्यादेपर्यंत नेता येतो. मिसळण्यासाठी रेषीय समीकरणे पुरतात हे २००३ मध्ये सिद्ध झाले. एमआयटीत सचिन कट्टी, दिना कताबी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘कोप’ नावाची पद्धत २० नोडांच्या, म्हणजे २० गाठींच्या, खऱ्याखुऱ्या वायरलेस जाळ्यावर चालवून दाखवली. क, र, ख ची वरची गोष्ट म्हणजे त्यांचे सर्वांत साधे उदाहरण. पुढे हीच कल्पना लिनक्समधल्या बॅटमॅन-ॲडव्हान्स्ड या मेश प्रणालीत (अनेक रेडिओंना एकमेकांमार्फत जोडणाऱ्या) आली. आपल्या तिन्ही रेडिओंवर ही सोय असलेली तिची आवृत्ती चालू आहे असे धरू. म्हणजे संस्थेला विकत काही घ्यायचे नाही, फक्त एक सोय चालू करायची.

खजिनदार काकांनी एवढेच ऐकले. “फुकट होतंय ना? मग करा की.”

चौदा आणि चौदा सारखे नसतात

आता मागणी दिशेनुसार मांडू, कारण खरी गंमत तिथे आहे.

दुपारी क कडून ख कडे वर्गाचे चित्र २ आणि वाचनालयाचे इंटरनेट ६, मिळून ८ एमबीपीएस. उलट दिशेने वर्ग २ आणि कॅमेरे ४, मिळून ६. बेरीज १४.

संध्याकाळी वाचनालयात गर्दी होते आणि इंटरनेटची मागणी १० वर जाते. वर्गाला जागा मिळावी म्हणून कोणीतरी कॅमेऱ्यांचे चित्रण त्या वेळात तिथल्या तिथे कार्डावर साठवायचे ठरवले आहे, ते रात्री पाठवले जाते. म्हणजे क ते ख १२, ख ते क २. बेरीज पुन्हा १४.

साध्या पद्धतीत दोन्ही वेळा हवेवरचा भार २८ आहे, दोन्ही वेळा जोडणी तुंबते. दुपारी वर्गात किंवा वाचनालयात कोणी कुरकुर करत नाही, म्हणून तक्रार फक्त संध्याकाळची.

कोडिंग चालू केल्यावर र पर्यंत येणारा माल तेवढाच राहतो, १४. फरक र च्या बाहेर पडणाऱ्या मालात पडतो. दोन दिशांची पॅकेटे जोडीजोडीने जातात, म्हणून र ला दोन्हींची बेरीज पाठवावी लागत नाही, दोन्हींतली जी मोठी तेवढीच पाठवावी लागते. दुपारी १४ अधिक ८, म्हणजे २२. चोवीसच्या आत, प्रश्न मिटला. संध्याकाळी १४ अधिक १२, म्हणजे २६. तुंबलेलेच.

ज्या वेळेसाठी हा सगळा खटाटोप, त्याच वेळी तो कामी येत नाही. अनेक प्रवाहांच्या कोडिंगचा फायदा एकूण मागणीवर ठरत नाही. समोरासमोरून येणारे प्रवाह रिपीटरवर एकमेकांना किती तोलून धरतात, यावर तो ठरतो. जोडीला कोणी नसेल तर पॅकेट एकटेच जाते, आणि एकट्या पॅकेटाला एक्सऑरचा काही उपयोग नाही. कोपच्या २००६ च्या निष्कर्षातही हेच दिसते: इंटरनेटशी जोडलेल्या मेशवर त्यांना मिळालेला फायदा ५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत बदलत होता, आणि तो ठरत होता अपलोड आणि डाउनलोडच्या प्रमाणावर. भारतातल्या घरगुती-संस्थात्मक जोडणीत डाउनलोड सहसा वरचढ असते. तेव्हा ‘चारच्या तीन पाळ्या’ ऐकून हुरळून जायचे कारण नाही.

यातून एक उफराटी गोष्टही निघते. कोडिंग चालू असेल तर संध्याकाळी कॅमेरे गप्प बसवणे पूर्वीइतके फायद्याचे राहत नाही. साध्या पद्धतीत कॅमेऱ्याचा प्रत्येक एमबीपीएस हवेतले दोन खातो. कोडिंगमध्ये, उलट दिशेचे डाउनलोड मोठे असेपर्यंत, तो एकच खातो. ख ते र ही पाळी लागते, पण र च्या पुढे तो डाउनलोडच्या पॅकेटांच्या खांद्यावर बसून जातो. एरवी ‘जड काम रात्री उरका’ असा नेटवर्कवाल्यांचा रिवाज. इथे उलट दिशेचे जड काम गर्दीच्या वेळेलाच स्वस्त पडते. अर्थात २६ वर आधीच तुंबलेल्या हवेत स्वस्त काय आणि महाग काय. आधी डाउनलोडला आवर घालायला हवा.

तो घातला तर? संध्याकाळी इंटरनेट १० ऐवजी ८ वर रोखले की क ते ख १० राहते. कोडिंगशिवाय भार २४, अगदी काठोकाठ. कोडिंगसह १२ अधिक १०, म्हणजे २२. राउटरमधल्या एका ओळीच्या मर्यादेने भार चाराने उतरला, आणि कोडिंगने त्यावर आणखी दोनच उतरवले. हे आकडे समितीपुढे ठेवले की चर्चेचा सूर बदलतो.

कागद सोडून गच्चीवर आल्यावर

वरचा हिशेब दोन्ही टप्पे सारखे धरून केला होता. ते तसे असत नाहीत. र ते क या मार्गात काही आडवे नाही, तिथे रेडिओ ५४ एमबीपीएसच्या दराने बोलू शकतो असे धरू. ख कडच्या मार्गात नदीकाठची झाडे येतात आणि पावसाळ्यात भिजलेली पाने ५ गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच गिळतात. तिथे १८ वर उतरावे लागते. मिसळलेले पॅकेट दोघांनाही कळायला हवे, तेव्हा ते कमजोर कानाच्या दरानेच सोडावे लागते.

१४०० बाइटांचे पॅकेट म्हणजे ११,२०० बिट. ५४ च्या दराने त्याला सुमारे २०७ मायक्रोसेकंद, १८ च्या दराने सुमारे ६२२. साध्या पद्धतीत दोन जलद आणि दोन संथ पाळ्या, एकूण १६५८. कोडिंगमध्ये एक जलद आणि दोन संथ, एकूण १४५१. वाचली ती फक्त एक जलद पाळी, आणि ती तशीही स्वस्तच होती. ३३ टक्क्यांचा फायदा १४ वर आला. ख च्या गच्चीवर पाइप थोडा उंच करून अँटेना झाडांच्या वर नेला, तर चारही पाळ्या जलद होतात आणि कोडिंगशिवायच हिशेब कितीतरी पुढे जातो. गच्चीवर चढायला कोणी तयार नसते म्हणून सॉफ्टवेअरमध्ये उपाय शोधायचा, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे.

दुसरी अडचण वायफायच्या स्वभावातली. सर्वांसाठी सोडलेले पॅकेट वायफाय सहसा अगदी खालच्या दराने पाठवते आणि ते पोहोचल्याची पोच घेत नाही. यावर कोपने काढलेली युक्ती अशी: मिसळलेले पॅकेट नावाने एकालाच पाठवायचे आणि दुसऱ्याने ते कान देऊन ऐकायचे. दर चांगला मिळतो, एकाची पोचही येते. दुसऱ्याची पोच वेगळी सांभाळावी लागते. पण आपल्या जोडणीवर नेहमीची डब्ल्यूपीए-२ सुरक्षा असेल तर नावाने पाठवलेले पॅकेट ज्याच्या त्याच्या किल्लीने बंद असते. ख च्या किल्लीचे पॅकेट क ने ऐकले तरी त्याला ते उघडता येणार नाही. वाट निघते: रेडिओच्या पातळीवर किल्ली काढून टाकायची आणि क ते ख या टोकांमध्ये व्हीपीएन, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतचा कुलूपबंद मार्ग, चालवायचा. मिसळणाऱ्या र ला आतला मजकूर कळण्याची गरजच नाही, त्याच्यासाठी बिट ते बिट. मात्र हे ज्याला रोज सांभाळायचे आहे तो संस्थेचा कारकून आहे, नेटवर्क इंजिनिअर नाही, हे विसरून चालत नाही.

तिसरी गोष्ट क आणि ख यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही ही. ऐकू येत असते तर र लागलाच नसता. दोघेही हवा मोकळी आहे असे समजून एकाच वेळी बोलतात आणि र च्या कानाशी दोन्ही पॅकेटे आपटतात. कोपच्या प्रयोगात अशा लपलेल्या नोडांमुळे टीसीपीचा (पोच घेत माल पाठवणाऱ्या इंटरनेटच्या नेहमीच्या पद्धतीचा) सरासरी फायदा २-३ टक्क्यांवर घसरला होता. आपल्या प्रकरणात तर टोकाचे दोन्ही नोड जन्मतःच लपलेले आहेत. बोलण्याआधी परवानगी मागण्याची आरटीएस-सीटीएस सोय चालू करणे भाग आहे, आणि तीही हवेतला थोडा वेळ खातेच.

जोडीदार पॅकेटाची लांबी जुळणे हा आणखी एक भाग. डाउनलोडची पॅकेटे लांबलचक, त्यांच्या उलट येणाऱ्या टीसीपीच्या पोचा इवल्याशा. दोन्हींचा एक्सऑर करायचा तर लहानाला शून्ये जोडून मोठ्याएवढे करतात. बाइटांत बचत नगण्य, पण वायफायमध्ये प्रत्येक पाळीचा ठरलेला वरखर्च असतो तो एकदाचा वाचतो. म्हणून पोचा जोडणे अगदीच वाया जात नाही.

तबला आणि थांबलेले पॅकेट

जोडीदार मिळावा म्हणून र ने पॅकेट थोडे रोखून धरावे का? कोप थांबत नाही: पॅकेट पाठवायची पाळी आली की रांगेत जोडीदार असेल तर मिसळायचे, नसेल तर एकटे सोडायचे. बॅटमॅनमधली सोय मात्र काही मिलिसेकंद वाट पाहू शकते.

वर्गाचा प्रवाह २ एमबीपीएस आणि पॅकेट १००० बाइटांचे धरले तर सेकंदाला २५० पॅकेटे होतात, दर ४ मिलिसेकंदांना एक. म्हणजे चार-पाच मिलिसेकंद थांबले तर उलट दिशेचे एक पॅकेट बहुधा सापडते. व्याख्यानासाठी हा विलंब कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण दोन ठिकाणी बसून एकाच लयीत वाजवायचे असेल तर टोकाटोकाचा विलंब साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की हात अडखळू लागतो, आणि त्यातला बराचसा वाटा कॅमेरा, माइक आणि चित्र-आवाज आवळणारे कोडेक आधीच खाऊन बसलेले असतात. ताईंनी “मी ठेका धरते, तुम्ही कायदा वाजवा” असे अकोट्याला सांगायचे असेल तर र ने एकही मिलिसेकंद उधार घेऊ नये. म्हणून ठरवले ते असे: वर्गाच्या आवाजाच्या पॅकेटांना थांबवायचे नाही, रांगेत जोडी मिळाली तरच मिसळायची. वाट पाहायची ती कॅमेऱ्यांच्या आणि डाउनलोडच्या पॅकेटांनी.

मग फायबरमध्ये हे का करत नाहीत

समितीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारलेला हा प्रश्न चांगला होता. एकाच उगमाकडून अनेकांकडे तोच माल जात असेल तर कोडिंगचे गणित पक्के आहे. वेगवेगळ्या जोड्या आपापला वेगवेगळा माल पाठवत असतील तर चित्र धूसर होते. २००५ मध्ये डॉहर्टी, फ्रायलिंग आणि झेगर यांनी असे जाळे दाखवले जिथे रेषीय मिश्रणे पुरत नाहीत. आणि दोन्ही दिशांना कशीही वाटून वापरता येणाऱ्या तारांच्या जाळ्यात वेगवेगळ्या जोड्यांच्या प्रवाहांना कोडिंगने काहीही जास्त मिळत नाही, असा २००४ चा एक अंदाज आहे. त्याला कोणी सर्वसाधारणपणे सिद्ध केलेले नाही आणि कोणी खोडूनही काढलेले नाही.

आपल्या तीन रेडिओंना फायदा दिसतो तो हवेच्या गुणामुळे. र एकदा बोलला की दोघांना ऐकू जाते. तारेत तसे होत नाही, क कडे जाणारी तार वेगळी आणि ख कडे जाणारी वेगळी. तिथे एक्सऑर केला तरी दोन्हीकडे पाठवावेच लागते.

आणि नेमके यामुळेच शेवटचा निर्णय सोपा झाला. र वर दुसरा रेडिओ बसवून क चा टप्पा एका चॅनलवर आणि ख चा दुसऱ्या चॅनलवर नेला तर दोन्ही टप्पे एकाच वेळी चालतात. प्रत्येक टप्प्यावर भार १४, हवा २४. दुपार असो की संध्याकाळ, आठ-सहा असो की बारा-दोन, फरक पडत नाही. चार पाळ्यांचे काम दोन पाळ्यांच्या वेळात होते, तेही एक्सऑरशिवाय. पण मग र चे एक बोलणे दोघांना ऐकू जात नाही, कारण दोघे वेगळ्या चॅनलवर आहेत. दुसरा रेडिओ घेतला की कोडिंगचा आधारच निघून जातो. दोन्ही उपाय एकत्र करून दुप्पट फायदा मिळेल ही आशा धरता येत नाही.

एकाच रेडिओत दोन पाळ्यांत काम उरकायची वाटही शोधकांनी २००६ मध्येच मांडली होती: क आणि ख ने मुद्दाम एकाच वेळी बोलायचे आणि र ने हवेत मिसळलेल्या लहरीतूनच एक्सऑर काढायचा. त्यासाठी दोघांचे ठोके फारच काटेकोर जुळावे लागतात. बाजारात मिळणाऱ्या राउटरांकडून ती अपेक्षा करू नये.

समितीने क्रम लावला तो असा. पहिल्यांदा अकोट्याचा पाइप उंच करायचा. त्याच आठवड्यात संध्याकाळच्या डाउनलोडला ८ ची मर्यादा घालायची आणि वर्गाच्या पॅकेटांना अग्रक्रम द्यायचा. दुसऱ्या रेडिओचा खर्च पुढच्या अंदाजपत्रकात धरायचा. तोवर कोडिंग फक्त दुपारी चालू ठेवायचे, जेव्हा दोन्ही दिशा तोलून असतात, आणि संध्याकाळी बंद. कॅमेऱ्यांचे चित्रण दुपारी पूर्ण दर्जाने पाठवायला हरकत नाही. काकांनी विचारले की दुसरा रेडिओ आल्यावर ती फुकटची सोय ठेवायची की काढायची. काढायची, कारण तेव्हा तिला मिसळायला काही मिळणार नाही. रावपुऱ्यातली तिसरी जागा पुढे कधी जोडली आणि ती अकोट्याच्याच चॅनलवर आली, तर त्या दोघांच्या आपसातल्या प्रवाहांपुरती ती पुन्हा चालू करून पाहता येईल.